चार विषय राहिलेत, घरी कुणाला माहीत नाही

"पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार विषय राहिले. घरी अजून सांगू शकलो नाही. रात्र रात्र झोप लागत नाही, काय करू?" असं विचारलंयस. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा असशील, म्हणून अरेतुरे करतोय.

आधी घरी सांग. अभ्यासाचं त्यानंतर बघू.

मी लातूरकडचा. 2012 साली पुण्यातच दुसऱ्या वर्षाला माझे इतके विषय राहिले की इयर डाऊन झालो, म्हणजे तिसऱ्या वर्षाला जाता आलं नाही. दादांना (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) खोटंच सांगितलं, सगळे विषय निघाले. पुढचे सहा महिने अभ्यास झालाच नाही, खोटं सांभाळण्यातच गेले. दर रविवारी संध्याकाळी घरून फोन यायचा. मागच्या रविवारी तिसऱ्या वर्षाच्या कोणत्या विषयाचं नाव घेतलं होतं, ते आठवून ठेवावं लागायचं. दिवाळीला सबमिशनचं निमित्त काढून गावी गेलो नाही. वर्गातली मुलं भेटतात म्हणून मेस सोडली, चहा-बिस्किटांवर दिवस काढले. पहाटे चारला डोळा लागायचा, दुपारी जाग यायची. फोन वाजला की छातीत धडधडायचं. हे सगळं नापास झाल्याचं टेन्शन आहे, असं तेव्हा वाटायचं. खरं तर नापास झाल्याचं दुःख पंधरा दिवसांत ओसरलं होतं. जिवाला खात होतं ते लपवणं.

दादांना थेट सांगायचं धाडस नव्हतंच. मावशीला सांगितलं, तिने त्यांच्या कानावर घातलं. दादा चिडले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधीय?" त्या रात्री मी दहा तास झोपलो.

तुझ्या घरी असंच होईल, असं मी म्हणणार नाही. काही घरांत आरडाओरडा होतो, शिक्षण बंद करण्याची भाषा होते. म्हणून आधी एक माणूस निवड: मामा, आत्या, मोठी बहीण, गावातले शाळेचे सर, ज्यांचा शब्द घरात चालतो असं कुणीही. काय बोलायचं ते कागदावर लिहून घे: "माझे चार विषय राहिलेत, मी घाबरलोय, घरी सांगायला मदत करा." बोलताना घसा दाटला तर वाचून दाखव.

एखाद्या पेपरात मार्क अनपेक्षित कमी आले असतील, तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव आणि मग रिव्हॅल्युएशन टाक. मुदत थोडीच असते, उद्याच तारीख बघ.

कॉलेजात समुपदेशक आहेत का, तेही विचार. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. माझ्या वेळी आमच्याकडे असं कुणी नव्हतं, असतं तर ते सहा महिने वाचले असते. कॉलेजात बोलायला नको वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल तर ससूनच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून डॉक्टरांना दाखव. ताप आल्यावर जातोस तसाच जा.

आणि एक गोष्ट स्पष्टच विचारतो, कारण मला तेव्हा कुणी विचारली नाही. मरून जावं, असं मनात येतं का? येत असेल तर सकाळ होण्याची वाट बघू नकोस. रूममेटला आत्ता उठव, त्याला सांग, त्याच्यासमोर 14416 लाव. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर 112 लाव, नाहीतर त्याला घेऊन जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. उठवलं म्हणून तो रागावणार नाही.

कोणते चार विषय आहेत, ते खाली लिही. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) असेल तर मी शिकवीन, रविवारी संध्याकाळी मोकळा असतो.