वेगळे बिऱ्हाड करू द्यावे का?

प्रश्न : माझा धाकटा मुलगा २९ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, हे तो २४ वर्षांचा असताना आम्हाला कळले. बी.कॉम. झाल्यापासून तो पणजीतील एका कार्यालयात हिशेब पाहतो आणि फोंड्याजवळच्या आमच्या गावाहून रोज कदंब बसने ये-जा करतो. घरात मी, थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडे आहोत. मिक्सर आणि टीव्ही एकदम सुरू झाले की तो न्हाणीघरात जाऊन दार लावून बसतो. आता पणजीत खोली घेऊन एकट्याने राहायचे म्हणतो; कारण विचारले तर ‘मला शांतता हवी’ एवढेच सांगतो. शेगडीवर ठेवलेला चहा उतू गेला तरी त्याच्या लक्षात येत नाही. नातेवाईक म्हणतात, लग्न करून द्या, काळजी मिटेल. त्याला कसे समजवावे? आणि माझ्यामागे त्याचे कोण?
– एक आई, फोंडा तालुका

उत्तर : आपल्या पत्रात मुलाचे स्वतःचे शब्द एकदाच आले आहेत, आणि ते तीनच आहेत. त्या तीन शब्दांत त्याने आपले कारण पूर्ण सांगितले आहे, असे मला वाटते. ऑटिझम असलेल्या पुष्कळ व्यक्तींच्या मेंदूला नको असलेला आवाज मागे सारता येत नाही. बोलण्यात गुंतल्यावर आपल्याला मिक्सर जवळजवळ ऐकू येईनासा होतो, त्यांच्या कानांवर मात्र मिक्सर, टीव्ही, कुकरची शिट्टी आणि मुलांची भांडणे सारख्याच जोराने आदळत राहतात. दिवसभर कार्यालय आणि बस सोसून आलेल्या माणसाला घरीही उसंत मिळत नसेल, तर तो न्हाणीघराचे दार लावून घेणारच. म्हणून त्याला समजावण्याआधी त्याचे म्हणणे समजून घ्यावे. समोर बसवून विचारल्यास तो गप्प होण्याचा संभव अधिक. तेव्हा प्रश्न कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यावेत आणि उत्तराला दोन दिवस द्यावेत.

चहा उतू जाण्याची आपली चिंता मी हलकी मानत नाही. ऑटिझममध्ये सगळी कौशल्ये सारखी वाढत नाहीत. पैशापैशाचा ताळेबंद जुळवणारा माणूस दुपारी जेवायचे विसरतो, कारण लक्ष एका कामात रुतले की तेथून चटकन सुटत नाही, आणि भूक-तहानेची आतून येणारी जाणीवही अनेकांना उशिरा होते. ठरलेल्या वेळी आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी, जेवणाच्या वेळेचा गजर आणि रात्रीचा डबा एवढ्याने यातले बरेच सुटते. सकाळी पोदेर (पाववाला) दारात पाव आणून देतो म्हणून आपल्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. त्याने डबा लावला तर त्यालाही कोणी तसे म्हणू नये.

रोजच्या कामांपेक्षा अवचित आलेल्या अडचणीच एकट्याच्या बिऱ्हाडाची घडी अधिक विस्कटतात, असे मी पाहत आले आहे. माझ्या परिचयाचे एक स्वमग्न गृहस्थ मडगावात वर्षानुवर्षे एकटे आणि अत्यंत टापटिपीने राहतात. एकदा त्यांच्या घराचा नळ फुटला. अनोळखी प्लंबरला फोन करणे त्यांना काही केल्या जमेना, आणि चार दिवस ते खालच्या मजल्यावरून बादलीने पाणी वर नेत राहिले. आता त्यांनी बहिणीशी ठरवून घेतले आहे की, ते फक्त एक संदेश पाठवतात आणि फोन ती करते. आपणही खोली पाहण्याआधी मुलाबरोबर बसून लिहून काढावे : पावसात रात्रभर वीज गेली तर, ताप आला तर, घरमालक न सांगता आला तर, आणि प्रत्येकापुढे काय करायचे व कोणाला कळवायचे, त्याचे नाव हवे.

अकरा महिन्यांचा करार करण्यापूर्वी एक-दोन महिने सोमवार ते शुक्रवार पणजीत आणि शनिवार-रविवार घरी, असे करून पाहता येईल. आपले घर जुने असेल आणि राजांगणापलीकडे (मधल्या चौकापलीकडे) स्वतंत्र दाराची खोली असेल, तर त्याला तीही दाखवावी, पण निवड त्याची. किल्लीचा एक जोड आपण त्याच्या संमतीने ठेवावा. मात्र न कळवता त्याच्या दारात जाऊ नये.

लग्न ही देखभालीची व्यवस्था नव्हे. त्याला स्वतःला ते हवे असेल आणि समोरच्या मुलीला सर्व माहीत असेल, तरच तो विषय काढावा.

‘माझ्यामागे कोण’ याचा काही भाग आजच मार्गी लावता येतो. ऑटिझमचा समावेश असलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिला एखाद्या विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहणे भाग पडू नये, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढल्यास राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळू शकते. त्याच न्यासाच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. पण आपले बँक खाते स्वतः चालवणाऱ्या मुलासाठी ती घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घराविषयी मात्र सावध राहावे. गोव्यात आई-वडिलांना मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच भागाची इच्छेप्रमाणे वाटणी करता येते, उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो. त्यामुळे त्याचा वाटा सहजी जात नाही. जाण्याची भीती असते ती हक्क सोडल्याच्या कागदावर त्याची सही घेतली गेल्यास. ‘स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही’ हा नियम त्याला आपणच, थोरल्या मुलाच्या समक्ष, लिहून द्यावा.

प्रश्न : मी ३२ वर्षांची स्वमग्न स्त्री असून पणजीत दोघी मैत्रिणींसह भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. कामावरून आल्यावर मला तासभर कोणाशीही बोलवत नाही, त्यामुळे मी तुसडी आहे असा त्यांचा समज झाला आहे. मला ऑटिझमचे निदान झाले आहे, हे त्यांना सांगावे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. निदान न सांगता गरज मात्र सांगता येते : ‘सहा ते सात माझी खोली बंद असेल, सातनंतर मी चहाला येईन.’ स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डॅमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की, अशा वेळी न समजणे दोन्ही बाजूंनी असते. म्हणजे तुमच्या मैत्रिणींनाही तुमचे मौन वाचता येत नाही. त्यांनाही काही खुपत असेल, ते त्यांना लिहून द्यायला सांगा. भांडी कोणी कधी घासायची, पाहुणे आणण्याआधी किती दिवस कळवायचे, दिवाणखान्यातला पांढरा दिवा किती वाजता मालवायचा, हे सारे एका कागदावर उतरवून फ्रिजच्या दारावर लावा. सातनंतरच्या चहाला मात्र न चुकता जा.