पाठीवरच्या फुदोआधी नोव्हेंबरचा हप्ता थांबवा

टोकियोच्या निशिकासाईहून पत्र आलं आहे. लिहिणारे ३४ वर्षांचे, मूळचे सांगलीचे, ऑक्टोबर २०२१पासून तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअर. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी सोबत, आईवडील सांगलीत. पुण्यात फ्लॅट आहे आणि त्यावर ४५ लाखांचं कर्ज बाकी आहे. त्यांना योकोहामाच्या एका होरीशीकडून, म्हणजे पारंपरिक गोंदणकाराकडून, पूर्ण पाठभर फुदो म्योओ हा बौद्ध देव गोंदवून घ्यायचा आहे. तासाला १३,००० येन, अंदाजे ७० तास, महिन्यातून दोनदा दोन-दोन तासांची बैठक. "काम अर्धवट राहू नये म्हणून भारतातली ८ लाखांची एनआरई एफडी मोडून सगळे पैसे आधीच इकडे आणून ठेवू का?" हा त्यांचा प्रश्न. (एनआरई म्हणजे अनिवासी भारतीयाने परदेशातल्या कमाईतून भारतात ठेवलेले पैसे.) पत्राच्या शेवटी एक ओळ: "बाकी गुंतवणूक ठीक आहे. दर नोव्हेंबरला ३ लाखांची गॅरंटीड पॉलिसी भरतो, त्यामुळे विम्याचीही काळजी नाही."

गोंदणाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं आणि मेल्यावर एवढा एकच दागिना सोबत येतो, असं ती सांगायची. फुदो म्हणजे आपल्याकडून बौद्ध धर्मासोबत तिकडे गेलेला अचल. हातात तलवार आणि पाश, मागे ज्वाळा. तो पाठीवर हवा असं वाटणं मला समजतं. जपानमध्ये १८७२ ते १९४८ गोंदण्यावर बंदी होती. गोंदणं हे डॉक्टरचं काम नाही, त्याला वैद्यकीय परवाना लागत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अगदी २०२० मध्ये स्पष्ट केलं. समाजाची नजर अजून तेवढी बदललेली नाही. बऱ्याच ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहांत, पोहण्याच्या तलावांत आणि जिममध्ये तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. तुमची मुलगी दोन वर्षांत पोहायला शिकायच्या वयाची होईल, तेव्हा याचा विचार पत्नीसोबत बसून करा. तो निर्णय तुमच्या घराचा आहे, माझा नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. ७० तास गुणिले १३,००० म्हणजे ९ लाख १० हजार येन. येनला ५८ पैसे धरले तर सव्वापाच लाख रुपये. हाताने, काठीला बांधलेल्या सुयांनी केलेलं तेबोरी काम अंदाजाच्या पुढे जातंच, म्हणून साडेअकरा लाख येन धरून चला. पण ही रक्कम कधीच एकदम लागणार नाही. बैठक झाली की त्या बैठकीचे पैसे द्यायचे, अशीच ही रीत आहे, आणि कातडी भरून यायला मध्ये दिवस लागतातच. महिन्याला ५२,००० येन, दीड-दोन वर्षं. मग एफडी मोडायची कशासाठी?

ती मोडण्यात तोटाही आहे. जपानच्या करकायद्यात परदेशी माणसाला गेल्या दहा वर्षांतली मुक्कामाची पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत सवलत असते: भारतातलं उत्पन्न भारतातच ठेवलं तर जपान त्यावर कर लावत नाही. पण त्या वर्षी भारतातून जपानमध्ये पैसे आणले की तेवढ्यापुरती ती सवलत जाते. म्हणजे भारतात करमुक्त असलेलं एनआरई व्याज तुम्ही स्वतःच्या हाताने जपानच्या कराखाली आणाल. शिवाय येन देऊन घेतलेल्या रुपयांचे आता पुन्हा येन करायचे, दोन्ही वेळा बँकेचं कमिशन भरायचं, आणि तेही पगार येनमध्ये मिळत असताना. ऑक्टोबर २०२६ मध्ये तुमची पाच वर्षं पूर्ण होतील. त्यानंतर पैसे आणा किंवा नका आणू, जगभरातलं उत्पन्न जपानमध्ये दाखवावं लागेल. त्याआधी एखाद्या झेइरिशीला, म्हणजे तिथल्या कर सल्लागाराला, एकदा भेटा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. आता शेवटच्या ओळीकडे येते, कारण ती वाचून मी पॉलिसीचे कागद मागवले आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

ही पॉलिसी तुम्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला आलात तेव्हा घेतली. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने "एफडीसारखीच, फक्त पैसे दुप्पट आणि गॅरंटी" असं सांगितलं. दहा वर्षं दरसाल ३ लाख भरायचे, विसाव्या वर्षी ६० लाख मिळणार. दुप्पट हा शब्द ऐकला की माणसं किती वर्षांत हे विचारायचं विसरतात, आणि विकणाऱ्याला ते नेमकं माहीत असतं. पहिला हप्ता वीस वर्षं पडून राहतो, शेवटचा अकरा. सरासरी साडेपंधरा वर्षं. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो: ७२ भागिले साडेपंधरा म्हणजे वर्षाला ४.६ टक्के. तुमची एनआरई एफडी, जी मोडायला निघाला होतात, ती सुद्धा याहून जास्त देते.

कमी परतावा ही त्यातली लहान चूक. या पॉलिसीत तुमच्या जिवाचा विमा आहे ३० लाखांचा. फ्लॅटचं कर्ज ४५ लाख आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याची सगळी रक्कम बँकेला देऊनही १५ लाख देणं उरेल. पत्नी डिपेन्डन्ट व्हिसावर आहेत, म्हणजे त्यांचा जपानमधला मुक्काम तुमच्या व्हिसावर टेकलेला आहे. त्यांना लहान मुलीला घेऊन परतावं लागेल, आणि ते कर्ज असलेल्या घरात. वर्षाला ३ लाख भरणाऱ्या माणसाच्या घरची ही स्थिती असावी याचा मला राग येतो. तुमच्यावर नाही, ज्याने समोर बसून तुमचं कर्ज, तुमची मुलगी काहीही न विचारता फॉर्म भरला त्याच्यावर.

आणि फॉर्म भरला तोही चुकीचा. प्रपोजलवर पत्ता सांगलीचा, तुम्ही भारतातच राहता अशी नोंद. टोकियोचा उल्लेखच नाही. तेव्हा तुम्हाला जपानमध्ये जाऊन दोन वर्षं झाली होती. खाली सही तुमची आहे, त्यामुळे क्लेमच्या वेळी प्रश्न तुमच्या पत्नीला विचारले जातील, त्या मॅनेजरला नाही. हप्ता जातो तो जुन्या साध्या बचत खात्यातून. अनिवासी झाल्यावर ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, करून घेणं फेमा या परकीय चलन कायद्याने आवश्यक आहे. चार वर्षं ते राहून गेलं आहे. बँकेला पासपोर्ट, व्हिसा आणि तिथला पत्ता पाठवून ते या महिन्यातच करून घ्या. गृहकर्जाचा ईएमआय त्याच खात्यातून जात असेल तर त्याची सूचनाही नव्याने द्यावी लागेल, नाहीतर एखादा हप्ता चुकेल.

मग पॉलिसीचं काय करायचं? सरेंडर करायची, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे काढायची, घाई नको. दोन वर्षांनंतर साधारण भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे सहा लाखांचे पावणेदोन-दोन लाख हातात येतील. त्यापेक्षा हप्ते बंद करून ती पेड-अप करा, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात चालू ठेवा. दहापैकी दोन हप्ते भरले म्हणून ६० लाखांचे दोन-दशांश, १२ लाख, उरलेल्या अठरा वर्षांनी मिळावेत. आजचे पावणेदोन लाख अठरा वर्षांत १२ लाख करायचे तर दहा टक्क्यांहून जास्त परतावा लागेल. तो कोणतीही सुरक्षित ठेव देणार नाही, त्यामुळे गेलेल्या पैशांपुरतं थांबणंच फायद्याचं. मात्र पेड-अप झाल्यावर नेमके किती मिळतील ते कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. काही पॉलिसींत गॅरंटीचा काही भाग कापला जातो. कंपनीकडे चुकीच्या विक्रीची आणि चुकीच्या नोंदीची तक्रारही त्याच ईमेलमध्ये करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, दोन कोटींचा घ्या, यावेळी खरा पत्ता, खरा व्हिसा लिहून. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, हप्ता वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या घरात असतो. कर्ज फेडून दीड कोटीवर उरतात. त्यावर सहा टक्के धरले तरी घरात महिन्याला पाऊण लाख येतात. या विम्याची रक्ततपासणी गोंदण सुरू होण्याआधी उरका. पाठीवर सुयांचं काम चालू असताना तिथे जाऊ नका, आणि गोंदणाबद्दल प्रश्न असेल तर सरळ उत्तर द्या.

आता महिन्याचा हिशेब. हातात ४ लाख ३० हजार येन, टोकियोचा खर्च २ लाख ३० हजार, भारतात दीड लाख. त्या दीड लाखाचे ८७,००० रुपये होतात आणि त्यातले २५,००० फक्त पॉलिसीसाठी बाजूला ठेवता. ते थांबले की ४३,००० येन मोकळे होतात. आधीचे उरणारे ५०,००० धरून ९३,०००. त्यातून टर्मचे साडेतीन हजार वजा करा.

तुमच्या जपानी खात्यात फक्त तीन लाख येन आहेत, सव्वा महिन्याचा खर्च. तुमचा व्हिसा कामावर आहे. नोकरी गेली आणि तीन महिन्यांत दुसरी लागली नाही तर राहण्याचा परवानाच धोक्यात येतो, वर तिघांची तिकिटं. म्हणून आधी ते सात लाखांपर्यंत न्या. साडेचार महिने लागतील, एफडीला हात न लावता. येन पुन्हा ६५ पैशांवर जाईल तेव्हा पाठवू, असंही पत्रात एका ठिकाणी आहे. त्या आशेवर काहीही आखू नका. मुलीच्या शाळेची फी आणि ईएमआय येनच्या भावाची वाट पाहत नाहीत.

एप्रिलपासून होरीशीकडे जा. पहिल्या बैठकांमध्ये सुजीबोरी होते, पूर्ण पाठीची बाह्यरेषा, आणि छटा भरायचं काम नंतर. एकदा ती रेषा काढली की मागे फिरता येत नाही, म्हणून सुरू करण्याआधी खात्यात सात लाख दिसायला हवेत. मग महिन्याला ५२,००० सहज निघतात आणि ३७,००० उरतात. एखाद्या महिन्यात हात आखडला तर एकच बैठक घ्या. आधीच सांगितलंत तर कोणताही होरीशी समजून घेईल.

नोव्हेंबरचा ऑटो डेबिट मात्र आजच बंद करा. हप्त्याच्या तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, पण पैसे एकदा खात्यातून गेले की परत मिळवायला तुम्हाला सांगलीच्या त्याच टेबलासमोर बसावं लागेल.