ग्रीन हॉर्नेटची गादी पुतण्याकडे

प्रश्न : ताई, नमस्कार. मिरजेत रद्दीच्या गठ्ठ्यात मला नाऊ कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाच्या 'द ग्रीन हॉर्नेट'चे काही अंक मिळाले, १९९० चे. मला टीव्हीवरचा, ब्रूस लीचा तेवढा ग्रीन हॉर्नेट माहीत. इथे मात्र हिरो पॉल रीड नावाचा पियानोवादक आहे आणि हिरोचा साथीदार काटो चक्क मुलगी! ही नक्कल आहे का? शिवाय पानं पिवळी पडलीत, पिना गंजल्यात. काय करू?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : नक्कल अजिबात नाही. रीतसर हक्क घेऊन काढलेली मालिका आहे ही, आणि वारसा या विषयावर इतकं मन लावून केलेलं कॉमिक मी फार थोडं पाहिलंय.

ग्रीन हॉर्नेट मूळचा रेडिओवरचा. ३१ जानेवारी १९३६ ला डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रावरून तो सुरू झाला. ब्रिट रीड हा 'डेली सेंटिनेल' या वृत्तपत्राचा मालक. रात्री मुखवटा चढवून गुंडांना भिडायचा, तेही आपणच मोठे गुन्हेगार आहोत असं भासवून, म्हणून पोलीसही त्याच्या मागावर. १९६६ ला तो टीव्हीवर आला तेव्हाही नाव ब्रिट रीडच आणि वयही तरुणच. तीस वर्षं गेली कुठे? लेखक रॉन फोर्टियर यांनी १९८९ मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला आणि एक वंशावळ मांडली. रेडिओवरचा ब्रिट वेगळा, टीव्हीवरचा ब्रिट हा त्याच नावाचा त्याचा पुतण्या. त्या पुतण्याला हृदयविकाराचा झटका येतो, तो निवृत्त होतो, आणि मुखवटा पुन्हा पुतण्याकडेच जातो. तोच तुमचा पॉल.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत माझी पिढी वाढली. तिथे बापामागून मुलगा, असं थेट एकविसाव्या वेताळापर्यंत. रीडांच्या घरात मात्र वारसा चुलत्याकडून पुतण्याकडे जातो. आपल्याकडे चुलता-पुतण्या म्हटलं की १७७३ चा शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो. आणि वारस पोटचाच हवा या हट्टापायी काय होतं, ते आम्हा सातारकरांना वेगळं सांगायला नको. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून आमचं राज्य खालसा केलं. म्हणूनच असेल, चुलत्याने विश्वासाने पुतण्याच्या हाती काम सोपवावं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

घराण्याचा मूळपुरुष तर त्याहून जुना. रेडिओच्या काळापासूनच ब्रिटचे वडील डॅन रीड हे लोन रेंजरचे, म्हणजे रेडिओवरच्याच एका मुखवटाधारी काऊबॉय नायकाचे, पुतणे म्हणून दाखवलेत. म्हणजे तिथेही काका-पुतण्याच! पण १९८९ पर्यंत लोन रेंजरचे हक्क दुसऱ्यांकडे गेले होते, नाव घ्यायची सोय नव्हती. मग या कॉमिकमध्ये रीडांच्या घरात एक तसबीर दिसते. त्यातल्या माणसाचा मुखवटा नेहमीसारखा डोळ्यांपुरता नाही, अख्खा चेहरा झाकणारा आहे. नाव कुठेच नाही, तरी जाणत्याला तो ओळखू येतो. तुमच्या अंकांत ती तसबीर आहे का, जरूर शोधा.

आता पॉल. वारस म्हणून तयार केलेला तो नव्हेच. तयारी झाली होती ती त्याच्या थोरल्या भावाची, ॲलनची, आणि ॲलन पहिल्याच कामगिरीत मारला जातो. मैफिलींत पियानो वाजवणाऱ्या माणसाच्या अंगावर तो मुखवटा येऊन पडतो. आपलं आयुष्य बाजूला ठेवून तो उभा राहतो, इथेच ही मालिका मला जिंकते.

काटोंचीही अशीच परंपरा आहे. पहिला इकानो काटो जपानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यातून वाचवायला ब्रिट त्याला फिलिपिनो म्हणवतो. रेडिओवर काटोचा देश बदलला गेला होता, त्याचा असा माणुसकीचा उलगडा फोर्टियर करतात. टीव्हीवरचा, म्हणजे ब्रूस लीचा काटो हा हयाशी, आणि तुमच्या अंकांतली मुलगी ही त्याची बरीच धाकटी सावत्र बहीण, मिशी. बापानेच, म्हणजे इकानोने, शिकवून तयार केलेली, पॉलच्या खांद्याला खांदा लावून लढणारी. पण मूळ हक्कदारांना काटो मुलगी असणं पसंत पडलं नाही. मग मिशीला मोटारींचं डिझाइन करायला झुरिचला धाडलं आणि हयाशीला परत आणलं. मला याचा आजही राग येतो. गादीवर कुठलाही पुतण्या चालतो, पण हक्काने शिकलेली मुलगी चालत नाही? म्हणूनच मिशीचे अंक तुमच्याकडे आहेत याचा मला विशेष आनंद आहे.

पहिला खंड १४ अंकांचा, दुसरा ४० अंकांचा. १९९५ मध्ये सगळं थांबलं. आधी पहिला खंड मिळवा, क्रमाने वाचा.

राहिला कागद. तो लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे उन्हात आणि हवेत पिवळा पडतोच. पिवळेपणा जाणार नाही, पण वाढणं कमी होईल: ऊन टाळा, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. अंक पुढे विकायचे असतील तर पिनांना हात लावू नका. वाचायला ठेवायचे असतील तर मधलं पान उघडून पिनेची टोकं पातळ सुरीने सरळ करा आणि पिन मागून अलगद काढा, ओढू नका. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारा. आमच्या घरच्या वाचनालयात वडील अंक असेच शिवायचे. त्यांनी शिवलेले वेताळाचे अंक माझ्याकडे अजून धड आहेत.