रेल्वे मॉडेलची किट घरी बनवून थोड्या संख्येत विकता येतात का? आणि डबा जुना कसा दिसेल?

तुम्ही लिहिलंय की मालडब्याचं एक मॉडेल घरी छान जमलंय, बघणारे ‘विकायला काढ’ म्हणताहेत, तर वीस-पंचवीस किट करून विकता येतील का, आणि डबा वापरातला, जुना दिसावा म्हणून काय करायचं.

विकता येतील. मी बार्शी लाइट रेल्वे या सोलापूरकडच्या जुन्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेच्या डब्यांची किट, म्हणजे जोडून मॉडेल करायचे सुटे भाग, बनवतो, एका खेपेला चोवीस, आणि ती संपतात. पण तुमचं मॉडेल तुमच्या हातून चांगलं उतरलंय. किट अनोळखी माणसाच्या हातून, त्याच्या घरच्या टेबलावर चांगलं उतरायला हवं. तुमचा बहुतेक वेळ यातच जाणार आहे हे धरून चाला.

आधी डबा कोणता निवडायचा ते. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपल्या ब्रॉडगेजचं ते 1676 मिमी. 1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, या एचओ नावाच्या प्रमाणात ते 19.26 मिमी होतं, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 मिमीचा, कारण तो 1435 मिमीच्या युरोपीय-अमेरिकी गेजसाठी आहे. त्यामुळे आपला डबा त्यावर ठेवला की पाय जवळ घेऊन उभा असल्यासारखा दिसतो. बरेच जण ते चालवून घेतात. मला ते खुपायचं, म्हणून मी बार्शी लाइटकडे वळलो. तिचं गेज 762 मिमी होतं, 87 ने भागलं की 8.76. एन गेज या आणखी लहान मॉडेलांचा 9 मिमीचा तयार रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतो.

दुसरं कारण एव्हरार्ड कॅलथ्रॉप. या माणसाने ही रेल्वे उभी केली. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला आणि पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. कॅलथ्रॉपने सगळे मालडबे 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद अशा एकाच मापाच्या सांगाड्यावर बांधले. सव्वाशे वर्षांनी तोच एकसारखेपणा माझ्या कामी येतो. 87.6 मिमी लांबीच्या एकाच तळाच्या साच्यावर मी उघडा डबाही करतो आणि बंद डबाही. तुम्हीही डब्यांचं असंच कुटुंब शोधा, ज्यात एका साच्यातून दोन-तीन किट निघतील.

मी मूळ नमुना प्लॅस्टिकच्या स्टायरीन पत्र्यातून हाताने बनवतो, त्याचा सिलिकॉन रबरचा साचा घेतो आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओततो. साचा पंचवीस-तीस ओतकामांनंतर बारीक कडांपाशी फाटायला लागतो. माझा चोवीसचा आकडा त्यातूनच आलाय. 1 मिमी जाडीची भिंत म्हणजे खऱ्या डब्यावर 87 मिमी, पत्र्याचा डबा एवढा जाड कधीच नसतो. भिंत पातळ केली तर साच्यातून काढताना मोडते, म्हणून फक्त वरची दिसणारी कड आतून तिरकी तासून घ्या, डोळा तिलाच जाडी समजतो. थ्रीडी प्रिंटरही चालेल, पण थरांच्या रेषा घासण्याचं काम गिऱ्हाइकावर टाकू नका. आणि लेझर कटिंगवाल्याकडे पीव्हीसीचा पत्रा कधीही नेऊ नका. जळताना त्यातून विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं.

पावसाळ्यात ओतकाम करू नका. रेझिनचा एक घटक हवेतलं बाष्प ओढतो आणि आत बुडबुडे धरतात. माझी एक अख्खी जुलैची खेप अशीच गेली. बाहेरून सगळं गुळगुळीत होतं, खालच्या बाजूला भोक पाडायला घेतलं तर आत जाळी. पैसे आगाऊ घेतले होते, ते परत केले. तेव्हापासून पावसाळ्यात आराखडे आणि नमुने, ओतकाम दसऱ्यानंतर. खिडक्या उघड्या ठेवा आणि वाफांसाठी असतो तो मास्क लावा, साध्या कापडी मास्कने भागत नाही.

पहिलं किट ज्याने कधी किट जोडलेलं नाही अशा माणसाला द्या, समोर बसा आणि तोंड उघडू नका. मी माझ्या भाच्याला दिलं होतं. डावी-उजवी बाजू सारखीच दिसत असल्याने त्याने दोनदा उलट चिकटवली. मी सूचनापत्रकात ठळक टीप घालणार होतो, पण मग साच्यातच एका बाजूला खाच आणि समोर खुंटी केली. आता बाजू उलट बसूच शकत नाही. वजनाचंही तसंच, हलका डबा रुळावरून उतरतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेची एचओ प्रमाणातल्या तीन फुटी नॅरोगेजसाठी शिफारस आहे, पाऊण औंस अधिक लांबीच्या दर इंचाला तीन अष्टमांश औंस. या डब्याला ते साधारण 58 ग्रॅम होतं. उघड्या डब्यात एवढं वजन लपवायला जागाच नसते, म्हणून मी किटमध्ये ज्वारीच्या पोत्यांची थप्पी देतो आणि शिशाचे तुकडे तिच्या पोटात जातात.

आता जुनेपणा, म्हणजे वेदरिंग. इंटरनेटवर शिकवतात ते बहुतेक ओल्या देशांतलं असतं, शेवाळ, हिरवट डाग, भडक केशरी गंज. बार्शी-लातूरकडे डबा उन्हाने जुना होतो. रंग आधी फिका आणि खडूसारखा पडतो, गंज काळपट तपकिरी राहतो आणि सगळ्यावर धूळ. कोकणात ती तांबडी असेल, इथे काळ्या मातीची. ही माती ओली असताना काळी, पण वाळून उडाली की राखाडी-पिवळट दिसते. मी कुर्डुवाडीजवळून आणलेली माती वस्त्रगाळ करून वापरतो. पण ती पाण्यात कालवलेल्या गोंदाने लावू नका. काळी माती पाण्याने फुगते, वाळताना आकसते आणि मॉडेलवरसुद्धा शेतासारख्या भेगा पडतात. कोरडीच मऊ ब्रशने फिरवा आणि वरून मॅट वार्निशचा अगदी हलका फवारा द्या.

क्रम असा ठेवा. प्रायमर, मग मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून एक ॲक्रिलिक हात. अक्षरांचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं, लावण्याआधी चकचकीत वार्निश, नाहीतर डेकलखाली हवा अडकून चंदेरी दिसतं. मग मॅट वार्निश, आणि ते पुरतं वाळल्यावर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सांध्यांत सोडायचा. अर्ध्या तासाने कोरड्या ब्रशने वरून खाली ओढायचा, कारण पाणी वरून खालीच ओघळतं. चाकांजवळ ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा तांबूस थर, ॲक्सलबॉक्सवर, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकावरच्या पेटीवर, तेलाची किंचित चमक. धूळ तळापासून 10-12 मिमीपर्यंतच, म्हणजे खऱ्या डब्यावर मीटरभर. त्यावर हात थांबवा.

किंमत काढताना साहित्याच्या दुपटीवर थांबू नका. एका किटमागे तुमचे किती तास गेले ते वहीत लिहा आणि त्यांना मजुरी लावा. वाया गेलेली ओतकामं आणि साच्याचा खर्चही त्यातच. 9 मिमी रुळाची चाकं बाहेरून मागवावी लागतात, तेव्हा सगळ्या किटांची चाकं घरात आल्याशिवाय कुणाचा आगाऊ रुपया घेऊ नका. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 2021 पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आपली किट प्रौढांसाठी आहेत, तसं खोक्यावर स्पष्ट छापा, खेळणं म्हणून विकू नका. परराज्यात पाठवण्याआधी जीएसटीचं सीएला विचारून घ्या.

उन्हाळ्यात पार्सल तापलं तर रेझिनची बाजू वाकते. पत्रकात लिहून द्या की ती गरम पाण्यात मिनिटभर धरून काचेवर सपाट दाबली की सरळ होते. आणि दर खेपेला दोन किटांचे सुटे भाग बाजूला ठेवा. कुणाचा तरी एखादा तुकडा हरवतोच, आणि तो मागायला फोन आला की मी दुसऱ्या दिवशी पाठवतो, पैसे न घेता.