छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाचं सॉफ्टवेअर अपडेट चालू असताना लाईन गेली, आता बोर्डावर नुसता लाल दिवा लागतो. बोर्ड कायमचा गेला का? नवीनच घेऊ का? मित्र म्हणतात हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी डोकं कशाला लावतोस, बदलून टाक.

नाही गेला. निदान गेला असं म्हणण्याइतकं तुम्ही अजून काही तपासलेलं दिसत नाही. लाल दिवा बहुतेक बोर्डांवर पॉवर पोचली एवढंच सांगतो. आत प्रोसेसर जागा आहे की नाही, याच्याशी त्या दिव्याचं काही देणंघेणं नाही.

बोर्ड कोणता ते तुम्ही लिहिलंच नाही, त्यामुळे नेमका इलाज सांगणं अवघड आहे. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, "मित्र म्हणतात हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी डोकं कशाला लावतोस, बदलून टाक", हे वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या साडूभाऊंकडून ऐकलेलं आहे. तेही सासरी, जेवणाच्या पानावर, सगळ्यांसमोर.

सासऱ्यांची संत्र्याची बाग वरुड तालुक्यात आहे. ठिबकला ऑटोमेशन बसवलेलं. विहिरीजवळच्या पॅनेलमध्ये कंट्रोलर, त्यात सिम, आणि ठरल्या वेळी एकेका प्लॉटचा व्हॉल्व आपोआप उघडणार. कुणाला हे शेतात केलेले लाड वाटतील. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईन पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की सत्तरीच्या माणसाने टॉर्च घेऊन काळोखात व्हॉल्व फिरवत हिंडायचं, रानडुकरं त्याच वाटेने येणार. ते टळावं म्हणून मीच आग्रह करून ते यंत्र बसवायला लावलं होतं. म्हणजे ते बंद पडलं की बोलणी कुणाला बसणार, हे सांगायला नको.

आंबिया बहाराचा ताण तोडायची वेळ होती, जानेवारीतली. झाडं तहानलेली ठेवायची आणि मग मोजून पाणी सुरू करायचं, नाहीतर फुलोऱ्याचा खेळखंडोबा. नेमका त्याच वेळी कंपनीने तिच्या सोयीने नेटवर्कवरून अपडेट सोडला, आणि तो चालू असताना लाईन गेली. डब्यात बॅकअपची बॅटरी होती, पण ती केव्हाच बसलेली. लाईन परत आली तर लाल दिवा तेवढा लागलेला, व्हॉल्व सगळे बंद, ॲपवर कंट्रोलर ऑफलाइन.

कंपनीचा पोरगा मोटारसायकलवर आला. झाकण उघडलं, दिवा पाहिला, पॉवर एकदा बंद-चालू केली. बॅगेत लॅपटॉप होता, तो बाहेर काढलाच नाही. "काका, बोर्ड डेड आहे. पूर्ण युनिट बदलावं लागेल." वॉरंटी संपलेली. कोटेशन अठरा हजारांचं. पोराला मी दोष देत नाही, त्याला शिकवलंच तेवढं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांना देतो.

त्याच रविवारी साडूभाऊ पुण्याहून आलेले. हिंजवडीला मोठ्या पगारावर आहेत, माणूस हुशार, यात वाद नाही. पोळी मोडता मोडता म्हणाले, "अहो, तुमच्या वेळेची काही किंमत धराल की नाही? हार्डवेअर आहे, जातं. बदलून टाका. निम्मे मी देतो." निम्मे देतो म्हटल्यावर पंगतीत मी काय बोलणार? मामाजी, म्हणजे सासरे, तेवढे म्हणाले, "जवाईबापू, एकडाव पाहून तं घ्या. नाईच बोलली मशीन, तं मंग देऊ फेकून."

ही परवानगी मला पुरेशी होती. तालुक्याच्या ठिकाणी माझं मोबाईल आणि पंप पॅनेल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे बोर्ड आणला.

आता तुमच्या कामाचं. अशा बहुतेक बोर्डांवर कुठेतरी सिरियल पोर्ट असतो, म्हणजे सुरू होताना बोर्ड जिथून मजकूर बाहेर पाठवतो ती जागा. तीन किंवा चार टिकल्या ओळीने, कधी नाव छापलेलं, कधी नाही. ग्राउंड मल्टीमीटरने सापडतो. पॉवर देताना जिच्यावरचा व्होल्टेज थरथरतो ती टीएक्स, बोर्डाची बोलणारी टिकली. ती लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल नागपूरला सिताबर्डीत दोन-तीनशेत मिळतं. ग्राउंडला ग्राउंड, बोर्डाच्या टीएक्सला मॉड्यूलची आरएक्स (ऐकणारी), आणि व्हीसीसीची, म्हणजे पॉवरची, वायर मोकळी सोडायची. मॉड्यूल ३.३ व्होल्टवर ठेवा. स्पीड बहुधा १,१५,२००. या वायरीवर काय छापून येतं ते पाहिल्याशिवाय "डेड" म्हणणाऱ्या माणसाला मी मेकॅनिक मानत नाही, मग तो कंपनीचा असो की घरचा.

माझ्या वायरीवर काहीच आलं नाही. एक अक्षर नाही. इथे बरेच जण हात टेकतात. पण बोर्डावरची चिप ऑलविनर कंपनीची एच३ होती, आणि तिची गंमत अशी की पहिला प्रोग्रॅम चिपच्या आतच रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो. तो पुसता येत नाही, अपडेटने बिघडत नाही. तो आधी एसडी कार्ड बघतो, मग ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणीची चिप), मग एसपीआय फ्लॅश (तशीच, पण छोटी चिप). कुठेच धड बूटलोडर, म्हणजे पुढचं सॉफ्टवेअर उठवणारा छोटा प्रोग्रॅम, सापडला नाही की यूएसबीवर येऊन हुकमाची वाट बघत बसतो. याला फेल (FEL) मोड म्हणतात, नापासातलं फेल नव्हे. नुसता लाल दिवा आणि बाकी सगळं गप्प, हे याच मोडचं लक्षण असू शकतं!

बोर्डाच्या ओटीजी, म्हणजे यूएसबी, पोर्टला केबल लावली, लॅपटॉपवर एलएसयूएसबी ही यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणारी कमांड मारली, आणि यादीत १एफ३ए:ईएफई८ हा नंबर दिसला. ऑलविनरचा फेल मोड. चिप ठणठणीत होती, तिला खायला मिळत नव्हतं इतकंच. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला दहा मिनिटं बसवून ठेवलं.

पुढचं काम सनक्सी-फेल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने होतं. ऑलविनरच्या चिपांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी तो खटपट करून तयार केलाय. त्याने यू-बूट नावाचा बूटलोडर थेट रॅममध्ये चढवता येतो, फ्लॅशला हात न लावता. एच३च्याच दुसऱ्या एका बोर्डाचं यू-बूट चाललं, कारण रॅमची मांडणी जुळली. ती जुळली नसती तर तिथेच अडकलं असतं. यू-बूट उठल्यावर यूएमएस ही कमांड दिली, की बोर्डाची ईएमएमसी लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी दिसते. आणि मग पहिलं काम, सगळ्यात पहिलं: डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने तिची अख्खी प्रत काढून ठेवायची. आहे त्या बिघडलेल्या अवस्थेतली. लोक नवीन सॉफ्टवेअर मारायची इतकी घाई करतात की व्हॉल्वचं वेळापत्रक, सेटिंग, नोंदणी सगळं एका झटक्यात पुसून मोकळे होतात.

प्रत उघडून पाहिली. फाइल सिस्टिम जिथल्या तिथे. बिघाड फक्त सुरुवातीला. ऑलविनरचा बूटलोडर आठ केबीपासून सुरू होतो, आणि अपडेट नेमका तिथेच लिहीत असताना लाईन गेली होती. धुऱ्यापलीकडच्या शेतात तेच मॉडेल चालू होतं. त्या काकांना पटवायला वेळ लागला ("माया बिघडला तं?"). त्यांच्या बोर्डावरचं बारीक बटण दाबून धरून पॉवर दिली, तो फेलमध्ये गेला, तसाच आत शिरलो आणि आठ केबीपासून पहिल्या पार्टिशनपर्यंतचा तुकडा वाचून घेतला. फक्त वाचला, लिहिलं काही नाही. तो तुकडा आमच्या बोर्डावर बसवला. सिरियल वायरीवर ओळी धावायला लागल्या, आणि थोड्या वेळाने व्हॉल्व चालू-बंद करणारे रिले टकटक वाजले. वेळापत्रक जसंच्या तसं. मामाजींना फोन केला तर म्हणाले, "बोलली ना? मंग."

साडूभाऊंचा मुद्दा मी तेव्हापासून बऱ्याचदा मनात घोळवलाय. वेळेची किंमत धरा म्हणतात, तर धरू. नवीन युनिट यायला आठवडा लागला असता आणि त्यात जुनी सेटिंग नसती. शिवाय नवीन युनिटवरही तेच सॉफ्टवेअर, तोच अपडेट, आणि तीच आमची लाईन. म्हणजे पुढच्या अपडेटला पुन्हा अठरा हजार? मुळात हा बिघाड हार्डवेअरचा नव्हताच. जिथून मशीन सुरू होते त्याच जागेवर, दुसरी प्रत न ठेवता, थेट लिहिणारा अपडेट ज्याने बनवला त्याने कधी लाईन जाताना पाहिली नसावी. दोन कप्पे ठेवून एकात नवीन लिहायचं, ते चाललं तरच तिकडे वळायचं, नाहीतर जुन्यावर परत यायचं, ही पद्धत जुनी आहे. स्वस्तातल्या ईएसपी३२ चिपलासुद्धा ओटीए, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या, अपडेटसाठी दोन कप्पे ठेवता येतात, म्हणून अपडेट अर्ध्यात तुटला तरी तो जुन्यावर उठतो. रॉक (RAUC), एसडब्ल्यूअपडेट, मेंडर अशी हे काम करणारी तयार साधनं फुकट आहेत. अठरा हजारांच्या यंत्रात ते नसणं हा माझ्या मते गुन्हा आहे. त्यावर वरकडी म्हणजे यू-बूट आणि लिनक्स या कंपन्या फुकट उचलतात आणि जीपीएल परवान्याप्रमाणे सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागितला की उत्तर देत नाहीत. आम्ही मागितला, अजून आलेला नाही.

आता तुमच्या बोर्डाबद्दल, अंदाजाने. रास्पबेरी पाय १ ते ३ असेल तर बूटलोडर एसडी कार्डावरच असतो, कार्ड नव्याने लिहा, झालं. पाय ४ असेल तर बूटलोडर बोर्डावरच्या ईईप्रॉम चिपमध्ये असतो. पाय इमेजर या कार्ड लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बूटलोडर दुरुस्तीची वेगळी इमेज मिळते, ती कार्डावर लिहून लावा. हिरवा दिवा भराभर, न थांबता लुकलुकला की काम झालं. हिरव्या दिव्याच्या ठेक्याकडेही बघा. चार लुकलुक म्हणजे स्टार्ट फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल सापडला नाही. ऑरेंज पाय वगैरे ऑलविनरचं असेल तर वर सांगितलंच, पण आधी चांगलं एसडी कार्ड लावून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. रॉकचिप कंपनीची चिप असेल तर तिचा फेलसारखाच मास्करॉम मोड असतो, त्यासाठी कधीकधी ईएमएमसीची क्लॉक लाइन क्षणभर ग्राउंडला टेकवावी लागते. हात थरथरत असेल तर ते करू नका. ईएसपी असेल तर बहुतेक मॉडेलांत जीपीआयओ शून्य ही पिन ग्राउंडला धरून रिसेट द्या, ईएसपीटूल हा प्रोग्रॅम त्याच्याशी बोलेल.

यातलं काहीही करण्याआधी केबल आणि अडॅप्टर बदला. अर्ध्या "मेलेल्या" बोर्डांना नुसती चार्जिंगची केबल लावलेली असते, तिच्यातून डेटा जातच नाही. आणि कार्ड एफ३ या प्रोग्रॅमने तपासा, बाजारात ६४ जीबी छापलेली खोटी कार्डं भरपूर आहेत.

हे सगळं वाचून लगेच पॅनेल उघडायला धावू नका. मोटर पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट असतात. मेन स्विच पाडा, बोर्ड काढून टेबलावर आणा, आणि सिरियल जोडताना लॅपटॉप चार्जरवर ठेवू नका. आमच्याकडच्या सॉकेटांना अर्थिंग नावापुरतं असतं. फ्लॅश चिपला क्लिप लावून लिहायचं असेल तर सीएच३४१ए हा काळा प्रोग्रॅमर सावधपणे वापरा, त्याच्या डेटा लाइनवर पाच व्होल्ट येऊ शकतात आणि चिप बहुधा ३.३ची असते. दुसऱ्याची पूर्ण प्रत आपल्या यंत्रावर कधीही चढवू नका. राऊटरमध्ये तर त्या यंत्राचा मॅक पत्ता आणि रेडिओचं कॅलिब्रेशनही फ्लॅशमध्येच असतं, ते पुसलं गेलं तर वायफाय पुन्हा धड होत नाही. सिक्युअर बूटचे फ्यूज उडवलेले असतील, म्हणजे कंपनीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालेल असं चिपमध्ये कायमचं ठरवून टाकलेलं असेल, तर तुमचं बूटलोडर चिप घेणारच नाही, तिथे कंपनीकडेच जावं लागेल. आणि ईएमएमसी खरंच झिजून मेलेली असेल, लिहिलेलं परत वाचल्यावर वेगळंच येत असेल, तर मात्र बदला. तेवढ्यापुरतं साडूभाऊ बरोबर आहेत.

बोर्डाचं नाव, दोन्ही बाजूंचे फोटो आणि सिरियलवर काय आलं ते प्रश्नात टाका, पुढचं बघू. नवीन बोर्डाची ऑर्डर आधीच दिली असेल तर रद्द नका करू. तेच मॉडेल हाताशी असलं तर बूटलोडर वाचून घ्यायला शेजाऱ्याच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.