साताऱ्यात एकच दिवस, सोबत आई आणि गाडी नाही. चालत काय बघावं, कुठे जेवावं?

पुण्याहून पहाटेच्या एसटीने येऊन रात्री परत जायचंय, आई पासष्टीच्या आहेत, चालायची हौस आहे पण चढ झेपत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी साताऱ्याचाच, म्हणून सगळ्यात आधी एक विनंती करतो. या दिवसात कासचं पठार आणि ठोसेघरचा धबधबा कोंबू नका. कास इथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, जाण्यायेण्यात निम्मा दिवस जाईल आणि सातारा तुम्ही फक्त रिक्षातून बघाल. ज्या छत्रपतींकडून पेशव्यांना वस्त्रं मिळायची, त्यांची गादी या गावात होती. पुण्याहून येणाऱ्याने एक अख्खा दिवस या गावालाच द्यावा असं मला मनापासून वाटतं.

साताऱ्यात चालायचं एक साधं गणित आहे. अजिंक्यतारा दक्षिणेला आणि गाव त्याच्या पायथ्याशी उतारावर पसरलेलं. म्हणून दिवस वरून सुरू करायचा आणि उतरत उतरत स्टँडकडे यायचं. चढ तेवढा रिक्षाने करा. गडाच्या दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे. रिक्षा ठरवतानाच सांगा की आधी चार भिंतींपाशी थांबायचं. ते आता १८५७च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. त्या उठावातलं रंगो बापूजी गुप्ते हे नाव आईंना आठवत असेल. इंग्रजांनी पदच्युत केलेल्या साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडत राहिले.

गडावर उन्हं चढायच्या आत पोचा. दरवाजा अजून भक्कम आहे, आत मंगळाई देवीचं देऊळ आणि ताराराणींच्या वाड्याचे अवशेष आहेत. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७३ मध्ये घेतला, १७०० मध्ये औरंगजेबाने वेढा घालून तो जिंकला आणि आजमतारा असं नाव दिलं. ताराराणींच्या माणसांनी परत मिळवल्यावर तो अजिंक्यतारा झाला. पण मला विचाराल तर तटावर उभं राहून खाली बघणं जास्त महत्त्वाचं. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा १७०८ च्या जानेवारीत इथे राज्याभिषेक झाला आणि पुढे गडाखाली शाहूनगर वसलं. पेठा कशा लागून लागून बसल्यात ते वरून स्वच्छ दिसतं. एका बाजूला यवतेश्वरचा डोंगर, एका बाजूला जरंड्याचा, मागे सज्जनगड. आईंना हे सगळं बोटाने दाखवा, मग खाली उतरल्यावर गल्ल्या ओळखीच्या वाटतात.

उतरताना गाडीरस्त्यानेच सावकाश चालत अदालतवाड्यापाशी या. तिथून राजवाडा दहा मिनिटांवर. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर रिक्षा थांबवून ठेवा, उतार गुडघ्यांना चढापेक्षा जड जातो.

राजवाड्यापाशी आधी नाश्ता. मिसळ किंवा गरम वडापाव, जिथे गर्दी दिसेल तिथे बसा. मग जुना आणि नवा राजवाडा. लाकडी खांब, कोरीव काम, मधला चौक. आत सोडतील न सोडतील, पण बाहेरूनही हा वाडा घाईने बघू नका. जुना वाडा प्रतापसिंह महाराजांचा. इंग्रजांनी त्यांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं, तिथेच ते वारले आणि १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. पुढे याच वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव इथे इंग्रजी पहिलीत दाखल झालं. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एवढं ज्या भिंतींनी पाहिलं तो वाडा नीट राखला जायला हवा, आणि तो बघायला माणसं येत राहिली तरच राखला जाईल.

जवळच मंगळवार तळं आणि फुटक्या तळ्यातला गणपती आहे. पाण्याच्या मधोमध देऊळ, आईंना आवडेल. जमलं तर दोन्ही करा, नाहीतर फुटकं तळं तेवढं चुकवू नका.

मग राजपथाने पूर्वेला. आम्ही त्याला वरचा रस्ता म्हणतो. वाटेत मोती चौक आणि खणआळीतला बाजार. कंदी पेढे इथेच घ्या. लाटकर, मोदी ही जुनी नावं आहेत. खवा तांबूस होईस्तोवर भाजलेला आणि साखर बेताची, ही त्याची खूण. घ्यायच्या आधी एक चाखून बघा. पांढरट आणि नुसता गोड लागला तर पुढच्या दुकानात जा.

जेवण दुपारी दीडच्या आत उरका. खाणारे असाल तर मटण थाळी, ज्वारीची भाकरी आणि तांबडा रस्सा. रस्सा तिखट असतो, आईंसाठी आधीच सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर पिठलं-भाकरी आणि खर्डा मिळेल अशी खानावळ शोधा. पंजाबी भाज्या पुण्यातही मिळतात.

तिथून पोवई नाका ओलांडून स्टँडजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आलेली वाघनखं जुलै २०२४ पासून काही महिने इथेच होती. आता ती इथे नाहीत, त्यासाठी म्हणून येऊ नका. जुनी शस्त्रं बघण्यातच तासभर सहज जातो. सुट्टीचा वार मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

दोनेक तास उरले तर रिक्षाने संगम माहुलीला जा, पाचेक किलोमीटरवर कृष्णा-वेण्णेचा संगम आहे. विश्वेश्वराचं दगडी देऊळ आणि घाट तिथे बघा. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. परतीला तीच रिक्षा थांबवून ठेवा, कारण संध्याकाळी तिथून दुसरी मिळेलच असं नाही. रविवार असेल तर पुण्याच्या गाड्यांना गर्दी होते, तेव्हा परतीचं आरक्षण सकाळी उतरल्या उतरल्या स्टँडवरच करून टाका.