कारखान्यातलाच माणूस प्रोजेक्ट मॅनेजर कसा करायचा?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा टाक्या आणि अ‍ॅजिटेटर (टाकीतला माल ढवळणारी यंत्रं) बनवण्याचा कारखाना आहे. माणसं साठ. प्रत्येक ऑर्डरचा पाठपुरावा मलाच करावा लागतो. सर्वांत हुशार डिझाइन इंजिनियरला प्रोजेक्ट मॅनेजर केलं, पण तो अजून ड्रॉइंगच काढत बसतो आणि डिस्पॅच लांबतच जातं. बाहेरचा माणूस घ्यावा की आतलाच तयार होईल? कोर्सला पाठवू का?

उत्तर : आतलाच तयार करा. कोणत्या पुरवठादाराच्या ‘उद्या’चा अर्थ चार दिवस, हे त्याला आधीच ठाऊक असतं. फक्त निवड वेगळ्या निकषावर करा. हात सर्वांत चांगला कुणाचा, हे बघू नका. माल अडकल्याचं वेळेआधी येऊन कोण सांगतो, ते बघा. तुमच्या इंजिनियरचा यात दोष नाही. जुनं काम डोक्यावर तसंच ठेवून नवं पद दिलं, की माणूस जे जमतं तेच करत राहतो. पहिले तीन महिने त्याचं निम्मं जुनं काम दुसऱ्याकडे सोपवा, तेही नाव लिहून.

सुरुवातीला सहा-आठ आठवड्यांची एकच ऑर्डर द्या. तिच्या कामाचे तुकडे त्यालाच पाडू द्या. कुठलाही तुकडा दोन आठवड्यांहून मोठा नको आणि प्रत्येकापुढे एकच नाव हवं. दिवस विचारताना तीन आकडे घ्यायला शिकवा. समजा टाकीसाठीची प्लेट लवकरात लवकर 6 दिवसांत येईल, बहुधा 9, फारच रखडली तर 18. मधल्या आकड्याची चौपट करून बाकीचे दोन मिळवा आणि सहाने भागा. उत्तर येतं 10. नुसते 9 धरले असते, तर या एकाच टप्प्यावर एक दिवस तोटा.

मग हे दिवस एकापुढे एक मांडा. ड्रॉइंग मंजुरी 5, प्लेट 10, कटिंग-रोलिंग 6, वेल्डिंग 8, हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाखाली गळतीची तपासणी) 2, एकूण 31. मंजुरी मिळताच गिअरबॉक्सची ऑर्डर दिली आणि त्याला 21 दिवस लागले, तर तो 26व्या दिवशी हजर. तो टाकी तयार झाल्यावरच बसवायचा, म्हणजे गिअरबॉक्स 5 दिवस उशिरा आला तरी चालेल, पण प्लेट एक दिवस अडली की डिस्पॅच एक दिवस पुढे. रोज सकाळी फोन कुणाला करायचा, हे त्याला यावरून कळतं. पेंटिंग हायड्रोटेस्टनंतरच धरा. रंगाखाली वेल्डची बारीक गळती झाकली जाते. कॅलेंडरवर पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आधीच खोडून ठेवा, त्या दोन दिवसांत नागपुरात माणसं मिळत नाहीत.

आठवड्याला अर्धा तास बैठक : काय ठरलं होतं, काय झालं, पुढे काय अडेल. ‘ऐंशी टक्के झालं’ हे उत्तर घेऊ नका. तुकडा पूर्ण झाला की शंभर, तोवर शून्य.

आता खरी अडचण, आणि ती तुमच्याकडून येईल. जबाबदारी दिली, अधिकार दिला नाही, तर तो नुसता निरोप्या होतो. तुमच्या सहीविना किती रुपयांपर्यंत खरेदी करायची आणि वेल्डर कुणाला मागायचा, हे एका पानावर लिहून सगळ्यांसमोर वाचा. त्यानंतर तुम्ही परस्पर शॉपफ्लोअरवर जाऊन ‘आधी हे घ्या’ म्हणालात, की त्याचा शब्द संपला. ग्राहकाने फोनवर ‘नोझल (टाकीला पाइप जोडायचं तोंड) जरा सरकवा’ म्हटलं तरी वाढीव दिवस आणि पैसे ई-मेलवर मान्य होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. तोंडी बदलांतच दिवस आणि पैसा जातो.

प्रश्न : पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र आधी करावं का?

उत्तर : नाही. पदवीधराला त्यासाठी 35 तासांचं प्रशिक्षण तर लागतंच, शिवाय प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभवही लागतो. कॅपम या त्याच्या खालच्या पायरीच्या प्रमाणपत्राला अनुभवाची अट नाही, 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं. पण तुमच्या माणसाच्या हातून दोन ऑर्डरी पार पडू द्या, मग पाठवा. वर्गात शिकवलेलं तेव्हा त्याला आपल्याच प्लेट-गिअरबॉक्सवर ताडून बघता येईल.